बिस्किटाची तार

प्रयोगशाळेच्या वहीत शेवटचा एक रकाना असतो. आधीच्या रकान्यांत तापमान, करंट, व्होल्टेज वगैरे आकडे, आणि शेवटच्या रकान्याचं नाव 'शेरा'. पहिल्या वर्षी आमच्या शेऱ्यात 'ठीक' आणि 'पुन्हा करणे' यांच्यापलीकडे काही नसायचं. दुसऱ्या वर्षी शेरा रकान्याबाहेर सांडायला लागला. तिसऱ्या वर्षी सरांनी एक वेगळी वही आणून माझ्यासमोर टाकली. म्हणाले, "सुनंदा, आकडे यात लिही, आणि तुमच्या भानगडी त्यात!"

आकड्यांची वही आज कुठल्या कपाटात आहे, मला सांगता येणार नाही. भानगडींची जवळजवळ तोंडपाठ आहे. जुनं कुणी भेटलं की एक निघते, तिच्या मागून दुसरी निघते, आणि चहा गार होतो.

आधी मंडळी सांगते. लातूरचं एक कॉलेज. तिथल्या फिजिक्सच्या लॅबमध्ये बिराजदार सर प्रमुख. मी त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी, पुढे तिथंच शिकवायला लागले. आणि मारोतीमामा, लॅबचे शिपाई, मूळचे हिमायतनगरचे. कागदोपत्री शिपाई. प्रत्यक्षात भट्टी, व्हॅक्यूम पंप आणि सर, तिघंही त्यांच्याच ताब्यात!

आता काम काय होतं? साध्या तारेतून वीज जाताना थोडी वाया जाते, तार गरम होते. काही पदार्थ मात्र खूप थंड केले की वीज त्यांच्यातून एक कणही वाया न जाता जाते. हे सुपरकंडक्टर. त्या वर्षांत त्यांची एक नवी जात सापडली होती, काळी, मातीच्या भांड्यासारखी. जगभर सगळे तिच्या मागे लागले होते. आमच्या सरांच्या मनानं घेतलं की याची तार लातुरात काढायची.

मामांनी ती काळी वडी हातात घेऊन सहज दाबली. कट्‌कन दोन तुकडे!

"सर," मामा म्हणाले, "हे तर बिस्किट हाय. बिस्किटाची तार कशी वढता?"

सर म्हणाले, "तेच तर काम आहे!"

•

लॅबवर बोर्ड लागला, 'उच्च तापमान सुपरकंडक्टर प्रयोगशाळा'. मामा बोर्डाकडे बघायचे, मग आतल्या नायट्रोजनच्या भांड्याकडे बघायचे. शून्याच्या खाली एकशे शहाण्णव डिग्री! शेवटी एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, डब्यात बरफाच्या बी पलीकडची थंडी, अन् बोर्डावर उच्च तापमान. पेंटरनं चूक केली, का आपण?"

मी समजावलं, की मामा, आधीच्या सुपरकंडक्टरना याच्याहून कितीतरी जास्त थंडी लागायची. त्यांच्या मानानं हे तापमान उंच.

मामांनी विचार केला. "आलं ध्यानात. आमच्या गावात एक उंच बाप्या हाय. साडेपाच फूट. पण त्याचे समदे भाऊ पाच फुटाच्या आत, म्हणून तो उंच."

नंतर कितीतरी वर्षं मी वर्गात हेच उदाहरण दिलं. फक्त गावाचं नाव गाळून!

•

तार काढायची रीत अशी की ती काळी पावडर चांदीच्या नळीत ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि नळी ओढत ओढत बारीक करायची. चांदीबरोबर आतली पावडरही बारीक होते. शेवटी तार चपटी करून पट्टी करायची आणि भट्टीत भाजायची. पेपरमध्ये हे सगळं तीन ओळींत दिलेलं होतं. तीन महिने झाले तरी आम्हाला एक वीत तार जमली नाही.

मग कुणीतरी औशाच्या खलीलचाचांचं नाव सांगितलं. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून चांदीची तार ओढणारं. आम्ही भरलेली नळी घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. चाचांनी नळी हातात तोलली. कपाळाला आठी पडली. कानाजवळ धरून नखानं टिचकी मारली.

"आत काय हाय?"

सरांनी पावडरची पुडी उघडून दाखवली.

चाचा सरांकडे बघतच राहिले. "सर, तीन पिढ्या चांदीत भेसळ केली न्हाई म्हणून औशात आमचं नाव हाय. अन् तुम्ही पढे-लिखे लोग चांदीत काजळ भरून आणले!"

सरांनी अर्धा तास खर्च करून त्यांची समजूत काढली. मग चाचांनी जंत्री काढली. पोलादाची जाड पट्टी, तिला एकाहून एक बारीक भोकं, चाचा त्यांना घरं म्हणायचे. तारेचं टोक भोकातून काढायचं, पकडीत धरायचं आणि ओढायचं. पाच भोकं पार झाली. सहाव्याला नळी तुटली. सरांचा चेहरा पडला.

"तुटली न्हाई, थकली," चाचा म्हणाले. "दोन-दोन घरं ओढलं की चांदी थकती. हिला तापवा, दम घेऊ द्या. मग ओढा." आणि पुन्हा टिचकी मारून म्हणाले, "अन् पावडर नीट भरा. मधी पोकळ बोलून राहिली."

दुसऱ्या नळीची त्या दिवशी दीड हात तार निघाली!

पुढे नांदेडला एका सेमिनारमध्ये सर याच कामावर बोलले. एका विद्वानांनी विचारलं, "प्रत्येक दोन ओढींनंतर तापवायचं, हे कुठल्या संशोधकाचं?"

सर शांतपणे म्हणाले, "खलील, औसा. वैयक्तिक चर्चा."

सगळ्यांनी लिहून घेतलं. महिन्याभरानं नांदेडच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं: 'डॉ. खलील यांचे इतर पेपर कुठे मिळू शकतील?'

•

तार थंड करायला पातळ नायट्रोजन लागतो. आमच्या भागात तो मिळायचा एकाच प्रकारच्या जागी, जनावरांच्या दवाखान्यात. चांगल्या वळूचं रेत त्यात गोठवून ठेवतात ना, म्हणून. मुरुडच्या दवाखान्यातले डॉक्टर भले होते. आमचं ॲल्युमिनियमचं भांडं ते भरून द्यायचे. एकदा मामा रजेवर होते, म्हणून ते भांडं घेऊन मी एकटी मुरुडहून एसटीत बसले.

फाट्याच्या पुढे गाडीनं गचका खाल्ला आणि भांड्यातून पांढरा धूर निघाला. कंडक्टर धावतच आला.

"बाई, धूर कशाचा?"

"धूर नाही हो. हवा आहे."

"हवा आमच्याकडं बी हाय. तिचा धूर का निघून राहिला?"

"ही फार थंड हवा आहे. पातळ केलेली."

"मग झाकण घट लावा!"

"घट्ट लावलं तर भांडं फुटेल!"

हे मी बोलायला नको होतं. कंडक्टरनं घंटी मारली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला, अर्धी गाडी उभी राहिली. एक बाई तर पिशवीसकट दाराशी पोचली.

तेवढ्यात मागच्या सीटवरून एक म्हातारे शेतकरी ओरडले, "आरं बसा खाली! जनावराच्या डॉक्टरचं भांडं हाय ते. आमच्या गावात येतंय की."

सगळे खाली बसले. गाडी निघाली. बाबा माझ्याशेजारी येऊन बसले आणि खाजगी आवाजात म्हणाले, "बाई, कोणत्या वळूचं हाय? जर्शी का होल्स्टन?"

"अहो बाबा, यात तसलं काही नाही."

"लाजू नका. आमची गाय कालपासून माजावर हाय. पुढच्या फाट्याला उतरा, गाडी-बैल उभी हाय. पुन्हा यष्टीत बसवून देतो."

पुढच्या सीटवरचे दोघे मागे वळून म्हणाले, "जावा की बाई, मुकं जनावर हाय!"

मी घाम पुसत सांगितलं की मी डॉक्टर नाही, ही नुसती थंड हवा आहे आणि ती आम्हाला एका तारेसाठी लागते. बाबा बराच वेळ भांड्याकडे बघत राहिले.

"तारेसाठी," ते म्हणाले. "मग? राहिली का?"

मला गेल्या चार महिन्यांतल्या सगळ्या फुकट गेलेल्या तारा आठवल्या. खोटं बोलवेना. "नाही अजून."

बाबांनी माझ्याकडे फार मायेनं बघितलं. "राहतीय, राहतीय. पहिल्या डावाला न्हाई राहत कधी कधी. तीन डाव बघायचं!"

खरं सांगते, पीएच.डी.च्या त्या सगळ्या वर्षांत इतका धीर मला कुणी दिला नाही.

•

चौथ्या डावाला राहिली! म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

मोजायची पद्धत सोपी. तारेला चार बारीक वायरी जोडायच्या. दोन वायरींतून करंट सोडायचा, दोन वायरींवर व्होल्टेज बघायचं. तार थंड होत गेली आणि एकदम व्होल्टेज शून्य झालं, की समजायचं, जमलं.

तार नायट्रोजनमध्ये सोडली. मीटरचा आकडा उतरायला लागला. सर वाकून बघतायत, मी लिहून घेतेय, मामा भांडं धरून उभे. आणि आकडा झाला शून्य! स्वच्छ, न हलणारा शून्य!

सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि पुन्हा घातला. शून्यच.

मग तार हळूहळू वर काढली. गरम होताना व्होल्टेज परत यायला हवं. येईना! उणे शंभर, शून्य. उणे पन्नास, शून्य. खोलीइतकं तापमान झालं, लातूरचा मे महिना, तरी शून्य!

सर माझ्याकडे वळले. "सुनंदा, ही तार खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर आहे. याचा अर्थ कळतो का तुला? जगात कुणाकडे नाही हे! याला नोबेल आहे, नोबेल!"

मी वहीत 'नोबेल' असं खरोखरच लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात.

मामा वाकून तारेच्या खालच्या अंगाला बघत होते. त्यांनी दोन बोटांत व्होल्टेजची एक सुटलेली वायर अलगद उचलून धरली.

"सर," मामा म्हणाले, "नोबेल खाली लोंबून राहिलंय."

•

तार आतून कशी जमली हे बघायला पावडरचा एक्स-रे काढतात. त्याचं मशीन वेगळं, मोठं, आणि ते नांदेडला होतं. मामांना नांदेडची सगळी माहिती, म्हणून सरांनी पावडरची डबी देऊन त्यांना पाठवलं. पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी मामांच्या धुवायला टाकलेल्या सदऱ्यात राहिली.

मामांनी स्टँडवर रिक्षावाल्याला सांगितलं, "एक्स-रे काढायचाय." रिक्षावाल्यानं सरळ एका हाडांच्या डॉक्टरांच्या दारात नेऊन सोडलं. मामा रांगेत बसले. त्यांचा नंबर आला.

"काय झालं?"

"मला काय न्हाई. हिचा काढायचाय," म्हणून मामांनी डबी पुढे केली. "सरांनी सांगितलंय, आतून कशी हाय ते नीट बघा."

एक्स-रे काढणारा माणूस आधी हसला. मग म्हणे त्यालाही वाटलं, बघावं तरी! आणि त्यानं खरंच डबी ठेवून फोटो काढला. मामा संध्याकाळी लातूरला परत आले ते भलामोठा पिवळा लखोटा घेऊन. आत काळी फिल्म, तिच्यावर डबीचा पांढरा गोल. खाली निळ्या शाईत लिहिलेलं होतं:

'फ्रॅक्चर नाही. काळजीचे कारण नाही.'

सरांनी ती फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवली. तार तुटायची त्या दिवशी आम्ही तिच्याखाली उभं राहून चहा प्यायचो.

•

भट्टी चार-चार दिवस सलग लागायची, साडेआठशेच्या आसपास. मधे वीज गेली की सगळं मातीत. शेवटी सर आणि मी वीज कार्यालयात गेलो. तिथले इंजिनिअर तरुण आणि त्रासलेले. सरांनी सांगायला सुरुवात केली, की आम्ही अशी तार करतोय जिच्यात वीज अजिबात वाया जात नाही.

इंजिनिअर खुर्चीत सरळ बसले. "अजिबात?"

"अजिबात."

"सर, तारेत वाया जाते त्याचं मला काही वाटत नाही. आमची वीज जाते ती आकड्यांनी! लोक बांबू घेतात, तारेवर आकडा टाकतात, मळ्यात मोटर चालू! तुमच्या तारेवर आकडा बसतो का, तेवढं सांगा."

सरांना हा प्रश्न कुठल्याच सेमिनारमध्ये कुणी विचारला नव्हता. त्यांनी मनापासून विचार केला.

"तार नायट्रोजनच्या नळीच्या आत असणार," सर म्हणाले. "आकडा टाकायचा तर आधी नळी फोडावी लागेल. आणि नळी फोडली की उणे एकशे शहाण्णव डिग्रीचा फवारा..."

"अंगावर?"

"अंगावर."

इंजिनिअरांनी घंटी वाजवून चहा मागवला. "सर, तुमच्या भट्टीची लाइन मी बंद होऊ देत नाही. रात्रंदिवस चालवा. फक्त लवकर करा!"

•

लांब पट्टी भट्टीत मावेना, कारण भट्टीची जागा वीतभर. मी पट्टीची गोल गोल गुंडाळी केली. मामा म्हणाले, "चकली झाली." नाव पडलंच. वहीत नोंदी अशा: 'चकली क्र. ४ चिकटली.' 'चकली क्र. ७ उत्तम भाजली.'

त्याच सुमारास दिल्लीहून तपासणी समिती आली. आमचं काम पुढे चालू ठेवायचं की बंद, हे तीन माणसं ठरवणार होती. सरांना दोन दिवस जेवण जाईना. समितीतल्या मोठ्या साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी वही चाळली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. हा शब्द पुन्हा पुन्हा येतोय, काय आहे?

मी घाबरून गेले. सर खाली बघायला लागले. मामांनी मात्र कपाटातून 'चकली क्र. ७' काढून साहेबांच्या तळहातावर ठेवली आणि हिंदीत सांगितलं, "ये चकली. बिना चकली के लंबा तार भट्टी में नहीं बैठता साब."

साहेबांनी ती उलटसुलट बघितली, भिंगाखाली बघितली, मोजून घेतली. आणि गेले.

दीड महिन्यानं पत्र आलं. काम चालू ठेवायला मंजुरी! आणि खाली शिफारस: 'चकली-रचनेवर अधिक संशोधन व्हावे.'

मामा ते पत्र एका दिवसापुरतं घरी घेऊन गेले. इतकी वर्षं त्यांच्या बायकोला वाटायचं की हे लॅबमध्ये नुसते टेबल पुसतात. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय म्हणाल्या काकू?"

"चिडली. म्हणती, चकलीच करायची होती तर मला विचारायचं की!"

•

हा किस्सा हसण्याचा नाही, पण आमच्याकडे तो वगळून कुणी सांगत नाही.

भूकंप झाला त्या सकाळी मामा लॅबच्या पायरीवर बसले होते. त्यांची बहीण औशाच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. तिकडची गावंच्या गावं बसली, अशी बातमी आली होती आणि एसटी बंद होत्या. सर आले, लॅबचं कुलूपसुद्धा न उघडता त्यांनी स्कूटर वळवली. "बसा मामा."

बहीण सापडली. अंगणात झोपली होती म्हणून वाचली. तिची सासू आत होती. ती गेली. मामा नंतर एवढंच म्हणाले, "घर कुठं होतं ते भाऊजीला बी दाखवता येईना, मॅडम."

पुढचे कितीतरी आठवडे आम्ही सगळे तिकडेच. पत्र्याचे निवारे उभे राहत होते. पत्रे होते, बांबू होते, पण ते आवळून बांधायला बारीक, मऊ तार मिळेना. औशापासून लातूरपर्यंत दुकानं रिकामी. कुंपणाची जाड तार होती, पण ती हातानं वळेना.

खलीलचाचांनी ती जाड तार दुकानात मागवून घेतली. आपली जंत्री काढली, आजोबांच्या वेळची, फक्त चांदीसाठी ठेवलेली. तिच्यातून लोखंड ओढलं की भोकांना ओरखडे पडतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! त्यांचा मुलगा म्हणाला, "अब्बा, जंत्री जाईल."

चाचा म्हणाले, "तू तापव, मी ओढतो."

बारा-तेरा दिवस बाप-लेक लोखंड ओढत होते. मामांच्या बहिणीचा पत्रा त्याच तारेनं बांधला गेला.

दिवाळीनंतर केव्हातरी आम्ही पुन्हा कामाला लागलो. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पट्टीवर एक बारीक रेघ यायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरांनी दुसरी जंत्री आणायचं नाव काढलं नाही. करंट तितकाच जात होता. ते मी मोजलं होतं.

त्या कामाचा पेपर आम्ही परदेशी पाठवला. तिथल्या परीक्षकानं बाकी सगळं मान्य केलं आणि एकच शंका काढली: 'फोटोत पट्टीवर एक सरळ रेघ दिसते. ती कशाची आहे?'

सरांनी उत्तराचे चार कागद फाडले. पाचव्यावर एकच वाक्य लिहिलं.

'ही रेघ भूकंपाची आहे.'

पेपर छापून आला. रेघेसकट.

•

मग लातूर बदललं. ट्यूशनचं गाव झालं. गल्लोगल्ली क्लास, होस्टेल, मेस. सायकलींवर पाठीला दप्तर लावून पोरं-पोरी पहाटेपासून धावणारी. आमचे कॉलेजचे वर्ग ओस पडले. हजेरी घेताना मी भिंतींची घ्यायची!

एका क्लासच्या संचालकांनी सरांना बोलावलं. पालक येणार आहेत, सायन्सचं काहीतरी भारी दाखवा. सरांना असल्या आमंत्रणाचा राग येईल असं मला वाटलं होतं. ते तर आदल्या दिवसापासून तयारीला लागले.

हॉल खचाखच. पुढे पोरं, मागे पालक. सरांनी थर्माकोलच्या वाटीत ती काळी वडी ठेवली, मामांनी वरून नायट्रोजन ओतला. वाफा टेबलावरून खाली उतरल्या. सरांनी चिमट्यानं एक छोटं लोहचुंबक वडीच्या वर नेलं आणि सोडून दिलं.

ते पडलं नाही. हवेत राहिलं. सरांनी बोटानं टिचकी मारली, तर जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागलं. हॉलमधून "ओऽऽ" असा आवाज आला.

पहिला हात वर झाला. "सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

सर खोटं बोलत नसत. "नाही."

एकाच वेळी दोनशे पेनांची टोपणं बंद झाल्याचा आवाज तुम्ही कधी ऐकलाय? मी ऐकलाय. दहा मिनिटांत टेस्ट होती, संचालकांनी आभार मानले, हॉल रिकामा झाला. पालकही पोरांच्या मागे गेले.

मागच्या रांगेत एकच माणूस बसून होता. पांढरी टोपी, हातात काठी. खलीलचाचा! नात बारावीला या क्लासला घातली होती, तिला भेटायला औशाहून आलेले. ते सावकाश पुढे आले. इतकी वर्षं त्यांनी आमच्यासाठी तार ओढली, पण थंड झाल्यावर ही वस्तू काय करते, ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आम्ही कधी बोलावलंच नव्हतं. मला तिथल्या तिथं शरम वाटली.

चाचांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं आणि तरंगणाऱ्या चुंबकाच्या खालून अलगद सरकवलं. इकडून घातलं, तिकडून निघालं. वाकून खालून बघितलं. दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं. मामांनी न सांगता वाटीत आणखी नायट्रोजन ओतला.

"सर," चाचा म्हणाले, "हे थांबलंय कशावर?"

सरांनी खडू घेतला. फळ्यावर वडी काढली, चुंबक काढलं, रेषा काढल्या. चुंबकाच्या रेषा वडीत कशा शिरत नाहीत, थोड्या शिरल्या तर कशा अडकून बसतात, वीज आत कशी न थकता फिरत राहते, सगळं सांगितलं. सोपं करून, न घाई करता. अर्धा फळा भरला. चाचा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, डोळे फळ्यावर. मधे एकदा त्यांनी मान हलवली, मधे एकदा "हौ" म्हणाले.

सर थांबले. हातावरचा खडू झटकला.

चाचांनी पुन्हा एकदा चुंबकाकडे बघितलं. मग म्हणाले, "सर, तुम्हाला जे कळलं ते तुम्ही सांगितलं. आता जे कळलं न्हाई, ते सांगा."

सरांनी खडू खाली ठेवला. त्यांनी फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शेजारच्या वर्गातून प्रश्नपत्रिका वाटल्याचा आवाज येत होता.

"चाचा," सर म्हणाले, "ही जी काळ्या पदार्थांची जात आहे, ती एवढ्याशा थंडीत असं का वागायला लागते, ते माहीत नाही. मला नाही. दिल्लीत नाही. अमेरिकेतही नाही. पोतंभर पेपर लिहिलेत लोकांनी, पण नक्की कुणालाच माहीत नाही."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच नाही."

चाचांचा चेहरा उजळला. त्यांनी पहिल्या रांगेतला बाक टेबलाजवळ ओढला, काठी आडवी ठेवली आणि बसले.

"मग चहा सांगा, सर. बसायला लागतंय!"